आधार-वास

करंजवेढे यायच्या बऱ्याच आधीपासून तो वास बसमध्ये शिरला होता. सडलेला गूळ, नासकी अंडी आणि भिजलेली राख एकत्र कालवावी तसा जाड, चिकट वास. ऋतुजा बिडवेने रुमाल नाकाशी घट्ट धरला. खिडकीबाहेर डिस्टिलरीचं मळीचं सांडपाणी ओढ्यातून नदीकडे चाललं होतं. पाणी काळं होतं आणि दुधावर धरते तशी त्यावर करड्या रंगाची साय धरली होती. बसमधली करंजवेढ्याची माणसं मात्र निवांत बसली होती. एका बाईने तर वारा घ्यायला खिडकी पूर्ण उघडली.

स्टँडसमोर मिसळीचं दुकान होतं आणि त्याच्या पायरीखालून उघडं गटार वाहत होतं. नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं गटारावर पाय सोडून एकाच ताटलीत खात होतं. मुलीच्या हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती. तिने पावाचा तुकडा रश्श्यात बुडवला, तोंडाशी नेला आणि खाण्याआधी डोळे मिटून त्याचा खोलवर, समाधानाने वास घेतला.

ऋतुजाला ते बघवलं नाही. विजेच्या खांबाला धरून ती ओकली.

दुकानातली बाई तांब्याभर पाणी घेऊन आली. तिला यात काही नवल वाटलेलं दिसलं नाही. बाहेरच्या दिसताय, म्हणाली, समोर आरोग्य केंद्राच्या खिडकीत पाहुण्यांचा फवारा मिळतो, तो मारून घ्या, मग काही त्रास नाही.

फवाऱ्याचं नाव होतं सुश्वास. ऋतुजाने त्याबद्दल वाचलं होतं, पण तो वापरणारं गाव ती पहिल्यांदाच बघत होती. वास ओळखणाऱ्या शेकडो प्रकारच्या पेशी माणसाच्या नाकात असतात. कुजणं, सडणं, विष्ठा, मेलेलं जनावर यांचे वास ज्या पेशी पकडतात, तेवढ्यांवरच झाकण घालणारा एक रेणू कोणीतरी शोधून काढला होता. मोगरा, कोथिंबीर, तापलेलं तूप यांचे वास येत राहायचे, फक्त घाणीचा वास येईनासा व्हायचा. गावकऱ्यांचा फवारा वर्षभर टिके आणि पाहुण्यांचा संध्याकाळपर्यंत. मळी बंद करा म्हणून करंजवेढ्याने पूर्वी मोर्चे काढले होते, खटलाही भरला होता. खटला चालू असतानाच सुश्वास आलं. वास येईनासा झाल्यावर मोर्चाला माणसं जमेनात.

ऋतुजाने फवारा मारून घेतला. दोन-चार श्वासांत कोणीतरी दार लोटावं तसा तो वास बंद झाला. हवेत आता फक्त तर्रीचा आणि चिरलेल्या कांद्याचा वास होता. तिला भूक लागली. नुकतंच ओकलेलं आपलंच शरीर इतक्या लवकर भूक लागल्याचं सांगतंय, याची तिला शिसारी आली.

ती पुण्याहून आली होती, एका यंत्राच्या दुरुस्तीसाठी. नगरपरिषदेच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात गावातल्या सगळ्या शाळांचं दुपारचं जेवण शिजायचं. तिथला संगणक सुरूच होत नव्हता आणि संगणकाशिवाय चूल पेटत नव्हती. मुलं आठवडाभर बिस्किटांवर होती.

स्वयंपाकघराची प्रमुख सुवर्णा माळवदे दारातच उभी होती. पन्नाशीची, ठेंगणी, केस घट्ट बांधलेली बाई. तिने ऋतुजाला आधी चपला काढायला लावल्या, मग हातपाय धुवायला लावले आणि मगच आत घेतलं. आतली फरशी आरशासारखी होती. कढया घासून उलट्या घातलेल्या होत्या, डाव एका रेषेत टांगलेले होते. सुवर्णाताई सांगत होत्या की त्या रोज दोनदा फरशी फिनेलने पुसून घेतात आणि बायकांची नखं स्वतः तपासतात. मुलांच्या पोटाचा प्रश्न आहे, त्यांची स्वतःची मुलगी ओवीही इथलंच जेवते, तिसरीत आहे. ओवी त्यांना उशिरा, नवसासायासाने झालेली. बोलता बोलता त्यांनी हेही सांगितलं की मधे गावात पोटदुखीची साथ येऊन गेली, ओवी तर आठ दिवस अंथरुणात होती, आताशी कुठे हिंडायला लागली आहे.

संगणक कोपऱ्यातल्या कपाटात होता. तो इतर संगणकांसारखाच होता, फक्त त्याला नाक होतं. मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं असलेली एक पाटी, आणि प्रत्येक छिद्रात वेगळा वास पकडणारा पातळ पापुद्रा. मागच्या पडवीत तोंड असलेल्या एका नळीतून ते नाक हवा घ्यायचं आणि दुसऱ्या नळीतून शिजलेल्या अन्नाची वाफ. सुरू होताना ते पहिल्यांदा भोवतालची हवा हुंगून मुख्य बोर्डात साठवलेल्या आधार-वासाशी ताडून बघायचं. आधारच जुळला नाही, तर पुढच्या कुठल्याच वासाबद्दल त्याला खात्रीने सांगता येणार नाही, म्हणून ते तिथेच थांबायचं. नाक थांबलं की संगणक थांबे आणि संगणक थांबला की कढयांना वाफ सोडणारे व्हॉल्व्ह उघडत नसत. एका मोठ्या विषबाधेनंतर असा नियमच झाला होता.

ऋतुजाने बटण दाबलं. पंखा घुमला, पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं, खाली एक पांढरी रेघ डावीकडून उजवीकडे सरकत गेली आणि शेवटाला पोचता पोचता थबकली. ‘स्वयंतपासणी अपूर्ण. प्रणाली सुरू करता येत नाही.’ पडदा काळा झाला, पंखा पुन्हा घुमला आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं.

“आधी असं अधूनमधून व्हायचं,” सुवर्णाताई म्हणाल्या. “मागची खिडकी उघडून पंखा लावायचा आणि चार-पाचदा बंद-चालू करायचं. मग लागायचं. आता काही केल्या लागत नाही.”

ऋतुजाने कपाटाची मागची पत्र्याची पाटी काढली. आत तेलाची चिकट लव बसली होती आणि त्या उबेत झुरळांनी घर केलं होतं. अंड्यांच्या तपकिरी डब्या तारांना चिकटल्या होत्या. मेलेली झुरळं, जिवंत झुरळं आणि त्यांची मोहरीएवढी विष्ठा असा थर तळाशी साठला होता. तिने तो मूठमूठ काढून कागदावर टाकला, हात पँटला पुसले आणि कामाला लागली. थोड्या वेळाने तिचं पँटवरच्या चिकट डागांकडे लक्ष गेलं. हातमोजे बॅगेतच होते आणि ते घालावेत असं तिला वाटलंच नव्हतं. घरी एक झुरळ निघालं तरी ती खुर्चीवर चढत असे.

तिने वीजपुरवठ्याचा डबा बदलला. मेमरीच्या पट्ट्या काढून पुसल्या, मग नव्या घातल्या. डिस्क तपासली, ती ठीक होती, तरी दुसरी लावून प्रणाली नव्याने भरली. नाकाची पाटी बदलून कोरी पाटी बसवली. प्रत्येक वेळी रेघ त्याच जागी थांबली. आधार-वासाचा विचार तिच्या मनात आला होता, पण तिने छाती भरून श्वास घेऊन बघितला. फिनेल, ओला घासलेला पितळी डाव आणि कुठूनतरी जिरं. हवेत खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मग राहता राहिला मुख्य बोर्ड. तो तपासायला निवांत जागा हवी, म्हणून संगणकाचा डबा नाकासकट उचलून ती संध्याकाळच्या बसने तालुक्याच्या गावी, लॉजवर गेली.

खोलीत तिने तारा जोडल्या, बटण दाबलं. रेघ सरळ शेवटापर्यंत गेली आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. ‘आधाराहून हवा स्वच्छ. प्रणाली सुरू.’

ती त्या अक्षरांकडे बघत पलंगावर बसून राहिली. ‘आधाराहून स्वच्छ’ म्हणजे काय? साध्या लॉजच्या खोलीतली हवा, मोरीच्या वासाची, ती आधाराहून स्वच्छ? तेवढ्यात तिला मळमळायला लागलं. फवाऱ्याचा अंमल उतरत होता. आधी कपड्यांना मळीचा वास आला, मग केसांना. शेवटी तिने हात नाकाशी नेले आणि झटकन दूर केले. झुरळांचा आंबूस, तेलकट वास होता, आणि याच हातांनी तिने दुपारी सुवर्णाताईंनी दिलेली भाकरी खाल्ली होती. तिने अंग साबणाने पुन्हा पुन्हा घासलं, पण समाधान होईना. पँट धुवायचं सोडून तिने ती गाठोडं करून खिडकीबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून दिली.

मग तिने पुण्याला भालेरावांना फोन लावला. ते तिचे वरिष्ठ होते आणि हे यंत्र त्यांनीच करंजवेढ्यात बसवलं होतं. सगळं ऐकून ते हसले.

“अगं, एवढा खटाटोप कशाला केलास? तिथे गेल्यावर आधार नव्याने नोंदवायचा. तिथलीच हवा घ्यायची आणि हीच स्वच्छ असं यंत्राला सांगायचं. दोन बटणांचं काम आहे. आम्ही दरवेळी तेच करतो.”

“दरवेळी म्हणजे?”

“बसवताना केलं होतं. पुण्याची हवा आधार धरली असती तर त्या मळीत ते एक दिवस चाललं नसतं. पुढे मळी वाढली की पुन्हा अडायचं, मग पुन्हा कोणी जाऊन नोंदवून यायचं. त्या गावात स्वच्छ हवा आणायची कुठून?”

ऋतुजाने विचारलं की मळी काही एका आठवड्यात एवढी वाढत नाही, मग या वेळी काय वाढलं? ते बघायचं काम आपलं नाही, असं भालेराव म्हणाले. आपलं काम यंत्र सुरू करण्याचं. मुलं उपाशी आहेत, हे त्यांनी जाता जाता सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी करंजवेढ्याला उतरल्यावर ती आरोग्य केंद्राच्या खिडकीकडे गेली नाही. पदर बांधावा तशी ओढणी तोंडाला गुंडाळून ती स्वयंपाकघरापर्यंत चालत गेली. वाटेत दोनदा थांबावं लागलं. मळीचा वास नुसता नाकात नव्हता, तो जिभेवर बसत होता, घशात तेलासारखा उतरत होता. शाळेच्या भिंतीशी पोरं लगोरी खेळत होती आणि चेंडू गटारात पडला की हात घालून काढत होती. काढून, चड्डीला पुसून, पुन्हा खेळ.

स्वयंपाकघरात सुवर्णाताईंबरोबर नगरपरिषदेचे चौगुले नावाचे अधिकारीही थांबले होते. त्यांना पुण्याहून फोन आलेला दिसत होता. ते गोड बोलले. तेवढी नोंदणी करून टाका, म्हणाले, तांदूळ धुऊन ठेवायला सांगतो. ऋतुजाने त्यांना थोडं थांबायला सांगितलं आणि दोघांसमोर तोंडावरची ओढणी सोडली.

फिनेल होतं. त्यावर मळी होती. आणि त्या दोन्हींच्या खाली आणखी काहीतरी होतं, जे रस्त्यावर नव्हतं. मळीचा वास जुनाट आणि गोडसर होता. हा ओला होता, ताजा होता, जवळचा होता. पोटातून उसळी आली. तिने तोंडावर हात दाबला, पण आज ती उसळी परतवायची नव्हती, तिच्या मागे जायचं होतं. धान्याच्या कोठीत वास कमी झाला, मोरीपाशीही कमीच होता. मागच्या पडवीत पाऊल टाकताच तो भिंतीसारखा अंगावर आला. नाकाची हवेची नळी त्याच भिंतीतून बाहेर आलेली होती. खाली शहाबादी फरशांमध्ये एक लोखंडी झाकण होतं, आणि झाकणावर सुवर्णाताईंनी काढलेली छोटीशी रांगोळी.

“इथे काय आहे?”

“पाण्याचा हौद. स्वयंपाकाचं पाणी यातलंच, पंपाने वर चढतं. मुलांच्या प्यायच्या पाण्याच्या टाक्याही यावरनंच भरतात.”

“पिण्याचं पाणी उकळता?”

“उकळायचं कशाला? नळाचं पाणी आहे ते.”

ऋतुजाने शेजारच्या भिंतीकडे बोट दाखवून विचारलं. भिंतीपलीकडे मुलींच्या वसतिगृहाचे संडास आहेत, असं चौगुलेंनीच सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांचा आवाज खाली आला.

झाकण उचलायला स्वयंपाकघरातल्या दोघी जणी आल्या. ते सरकलं आणि ऋतुजा भिंतीशी जाऊन गुडघ्यांवर बसली. पोटात काही नव्हतं तरी ती ओकत राहिली. हौदाची एक बाजू तडकून तिच्यातून तपकिरी ओघळ आत झिरपत होता. पाण्यावर बुळबुळीत तवंग होता, त्यात सडक्या कागदाचे लगदे, आणि मधोमध एक घूस पोट वर करून तरंगत होती. ती फुगून दुप्पट झाली होती, कातडं सुटून बाजूला लोंबत होतं. कडांवरून झुरळं चमकत पळाली. उघड्या झाकणातून वर आलेली हवा गरम होती.

बाकीचे चौघे काठावर उभे राहून आत बघत होते. कोणी नाक धरलं नाही, कोणी मागे सरलं नाही. एक बाई तर नीट दिसावं म्हणून वाकली. चौगुलेंनी मान हलवली आणि हौद साफ करून घ्यावा लागेल असं, नळ गळतोय म्हणावं तशा सुरात सांगितलं.

सुवर्णाताई घुशीकडे बघत होत्या, मग तड्याकडे, मग भिंतीपलीकडच्या संडासाच्या पत्र्याकडे. हिशेब त्यांच्या डोळ्यांत जुळत गेलेला ऋतुजाला दिसला. साथ, ओवीचं अंथरूण, पंखा लावून चार-पाचदा बंद-चालू केलेलं यंत्र.

“हे मी माझ्या पोरीला पाजलं,” त्या म्हणाल्या.

त्या खाली बसल्या. हौदाच्या काठावर तोंड नेऊन त्यांनी जोरजोरात श्वास ओढला. पुन्हा ओढला. मग दोन बोटं घशात घातली. नुसता खोकला आला. ऋतुजाने त्यांच्या खांद्याला धरून मागे ओढलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिने आधी कधी बघितलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नाक, ओठ मात्र शांत होते, एखादी सुरकुतीही न पडता.

“मॅडम, मला दिसतंय सगळं. कळतंयसुद्धा. पण मला काही होतच नाही. हे बघून काहीतरी व्हायला पाहिजे ना माणसाला?”

काल आपण झुरळांत हात घातला होता ते ऋतुजाला आठवलं.

पुढचं काम बाहेरून मागवलेल्या माणसांनी केलं. हौद उपसला, तडा बुजवला, संडासाचा पाइप बदलला, टाक्या औषधाने धुतल्या. तोवर शेजारच्या गावातून डबे येतील अशी सोय चौगुलेंनी केली, पण त्या आधी ऋतुजाने झाकण उघडं असताना काढलेली छायाचित्रं आरोग्य खात्याला पाठवली होती. चौगुलेंना ते आवडलं नाही. गावाचं नाव खराब होतं, म्हणाले. एवढ्या कष्टाने इथे पाहुणे यायला लागलेत, लग्नं जुळायला लागलीत.

पाण्याचा अहवाल चांगला आल्यावर तिने संगणक पुन्हा जागेवर बसवला. बटण दाबलं. रेघ थबकत थबकत शेवटाला पोचली आणि वाफेचे व्हॉल्व्ह सुसकारत उघडले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. ऋतुजाने आधार-वासाला हात लावला नव्हता, याचं तिला दोन क्षण बरं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की यंत्र ज्याला आता स्वच्छ म्हणत होतं ती मळीच होती. पुण्याची हवा आधार धरायची तर हे स्वयंपाकघर कायमचं बंद, आणि इथली धरायची तर घाणीलाच माप मानायचं. तिने दुसरं काहीच केलं नव्हतं, फक्त तिसरं बटण नाही म्हणून आहे ते तसंच ठेवलं होतं. पुण्याच्या बसमध्ये तिला मळीपेक्षा स्वतःच्या त्या समाधानाचा जास्त वीट आला.

पावसाळा संपता संपता एके दुपारी तिला सुवर्णाताईंचा फोन आला. आवाज बसलेला होता. इकडचं तिकडचं काही न विचारता त्या म्हणाल्या की त्यांनी यंदाचा फवारा मारून घेतला नाही, आणि आता त्यांना वास यायला लागला आहे.

मग त्या बराच वेळ बोलत राहिल्या. लग्न होऊन आल्यावर कित्येक वर्षं त्या नाकाला पदर बांधून जगल्या होत्या. माहेरी गेल्या की बहिणी त्यांच्या साड्या बाहेर दोरीवर टाकायला सांगायच्या. सुश्वास आलं तेव्हा त्यांना वाटलं होतं की देवच पावला. ते सगळं त्या विसरून गेल्या होत्या. आता नाक उघडल्यावर कळलं की घरातल्या गाद्यांना वास आहे, देव्हाऱ्यातल्या वस्त्रांना वास आहे, नवऱ्याच्या मानेला वास आहे. जेवायला बसलं की घास फिरतो. शेजारणी म्हणतात, माळवदेबाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. नवरा म्हणतो, फवारा मार आणि मोकळी हो, सगळं गाव जगतंय ना.

“पण मी मारणार नाही,” त्या म्हणाल्या. “स्वयंपाकघरात कोणाला तरी वास यायला पाहिजे. परवा एक तेलाचा डबा परत पाठवला मी. खवट होता. यंत्राने पास केला होता.”

ऋतुजाने त्यांना सांगितलं की त्यांनी फार मोठं काम केलं. सुवर्णाताईंनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. फोन त्याकरता केलेला नव्हता.

“उद्या शाळेत फवाऱ्याचं शिबिर आहे. ओवीला पहिला फवारा मारला तेव्हा ती पाळण्यात होती. तिला हा वास कधी आलेलाच नाही, मॅडम. घाण हा शब्द तिला वाचता येतो, तेवढंच. मोगरा हुंगते, बोरं हुंगते, नदीवर जाऊन खुशाल पोहते. या वर्षी फवारा चुकवला तर तिची तीच नदी जाईल, मैत्रिणी जातील, माझ्यासारखं तिलाही जेवण जायचं नाही. आणि गाव सोडून जाण्यासारखी आमची स्थिती नाही. मारला, तर उद्या पुन्हा कुठला हौद फुटला की ती परत ओंजळीने पिणार.”

पलीकडे काहीतरी वाजलं, बहुधा दार. सुवर्णाताईंनी आवाज खाली आणला. पोर शाळेतून आली होती. तिने काहीतरी विचारलं, आईने तिला हातपाय धुवायला पाठवलं. मग फोनमधून त्यांचा श्वास ऐकू आला, थोडा थोडा, जपून घेतलेला.

“तुम्ही सांगा मॅडम,” त्या म्हणाल्या, “तिला कळू देऊ का, आपण कुठे राहतो ते?”